‘हा जाळ’ की ‘ही जाळ’

‘नवरा’ या एका शब्दानं मला नोकरीत स्थिर केलं. लग्नातला नव्हे, साक्षीतला.

सुरतेच्या कोर्टात मराठीची दुभाषी म्हणून मी नुकतीच लागले होते. शेजाऱ्यांच्या मारामारीचा खटला होता आणि नवागाम या मराठी वस्तीतली एक बाई साक्षीला उभी होती. भांडण झालं तेव्हा तुमच्या घरात कोण होतं, असं वकिलांनी विचारलं. ती म्हणाली, “घरी नवरा होता.” मी तोंड उघडायच्या आत लिहून घेणाऱ्या कारकुनानं परस्पर लिहिलं की घरी सगळे रिकामटेकडे बसले होते. गुजरातीत नवरा म्हणजे ज्याला काही काम नाही तो. खटल्यातला महत्त्वाचा साक्षीदार असा कागदावरून नाहीसा झाला होता. मी हात वर केला आणि सांगितलं, साहेब, मराठीत नवरा म्हणजे पती. न्यायाधीश गृहस्थ वयस्क होते. चष्मा काढून ते म्हणाले, “अमारे त्यां पण पति नवरा ज होय छे.” सगळं कोर्ट हसलं, नोंद दुरुस्त झाली आणि त्या दिवसापासून मराठी साक्षीदार उभा राहिला की माझ्याकडे पाहिल्याशिवाय कुणी लेखणी उचलेना.

माझं माहेर नवापूरचं. तिथल्या रेल्वे फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातमध्ये. दोन्ही भाषा मी शिकले असं म्हणता येत नाही, त्या अंगणात खेळायलाच होत्या. अहिराणी शेजारपाजारची. यजमान बँकेत, त्यांची बदली सुरतेला झाली आणि माझ्या या फुकटच्या ज्ञानाला पगार मिळू लागला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दुभाष्याचं काम म्हणजे इकडचं पाणी तिकडं ओतणं. कोर्टातली गोष्ट वेगळी असते. साक्षीदार अडखळला तर दुभाष्यानंही अडखळायचं. तो गोंधळला असेल तर त्याचं वाक्य गोंधळलेलंच पोचवायचं, आपण त्याला नीट बसवायचं नाही. नवीन माणसाला हेच जमत नाही. समोरचा काहीतरी विस्कळीत बोलतो आणि दुभाषी दयाबुद्धीनं त्याची घडी घालून देतो. मग उलटतपासणीत तो माणूस फसतो, कारण ते घडीचं बोलणं त्याचं नसतंच.

शिव्यांचंही तेच. शिवीगाळीच्या खटल्यात शिवी जशीच्या तशी लागते. पहिल्यांदा तशी वेळ आली तेव्हा एक वकील माझ्या काळजीपोटी म्हणाले, सुलभाबेन, तुम्ही कागदावर लिहून द्या, बोलू नका. मी म्हटलं, साक्षीदार बोलली, मीही बोलते. आणि खणखणीत आवाजात बोलले. घरी आल्यावर यजमानांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ वर्तमानपत्राच्या मागून बाहेर आले नाहीत.

एकदा साक्री तालुक्यातली एक म्हातारी पुन्हापुन्हा “मनी आंडेर, मनी आंडेर” म्हणत होती आणि दोन्ही वकील तिच्या मुलाबद्दल प्रश्न विचारत होते. अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. म्हातारीला मुलगाच नव्हता. दुसऱ्या कोर्टातून मला बोलावलं, मी ते सांगितलं आणि अर्ध्या सकाळची प्रश्नोत्तरं पुन्हा पहिल्यापासून झाली. अशा गोष्टींचा मला अभिमान होता आणि अजून आहे. दोन्ही भाषांमध्ये मला अडवणारं काही उरलेलं नाही, अशी माझी खात्री होती.

मग एक कविता आली.

सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. बमरोलीच्या बाजूला लूमचं एक खातं होतं, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये माग चालतात तसा कारखाना. गणपती विसर्जनानंतर थोड्याच दिवसांनी त्या शेडला आग लागली. माणूस कुणी जखमी झालं नाही, पण सुताचं गोदाम गेलं आणि काही लूम जळून काळे पडले. सेठनं तक्रारीत एका कारीगराचं नाव दिलं. लिंबाजी शेळके, मूळचा परभणी जिल्ह्यातला, राहायला नवागामला. त्याच्यावर संशय घेण्याचं कारण असं की, गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात त्यानं एक कविता म्हटली होती आणि तिच्यात ‘शेड पेटवीन’ अशी धमकी होती, असं सेठच्या कानावर आलं होतं. पोलिसांनी त्याला पकडलं. मंडळाच्या लाउडस्पीकरवाल्यानं सगळा कार्यक्रम टेप केला होता, ती कॅसेट जप्त झाली. मराठी समजणाऱ्या एका शिपायानं कवितेचं गुजराती करून दिलं आणि ते कागदपत्रांना जोडलं गेलं.

लिंबाजीच्या जामिनाचा अर्ज आला तेव्हा त्याचे वकील देसाई यांनी या भाषांतराला हरकत घेतली. साहेबांनी कॅसेट माझ्याकडे पाठवली आणि सांगितलं, अधिकृत भाषांतर करून पुढच्या तारखेला हजर करा.

कोर्टाच्या टेपरेकॉर्डरवर, कारकुनाच्या समोर, मी कॅसेट ऐकली आणि कविता उतरवून घेतली. ती अशी होती :

सेठ, तुझ्या पत्र्याखाली
पाणी उभं राहतं.
माझी आई त्यात
बिनडोळ्याची सुई शोधते.

मला बारा बोटं आली,
दोन तुला दिसत नाहीत.
त्या दोन बोटांनी मी
जाळ विणतो.

ताणा तुझा, वाणा तुझा,
मधली भोकं माझी.
एक दिवस हा जाळ
तुझ्या शेडवर टाकीन,
आणि आत जे सापडेल
ते गावाकडं नेईन.

उतरवून झाल्यावर मी ती वाचली आणि मला ती कळली नाही. पुन्हा वाचली, तरी नाही. एकही शब्द अनोळखी नव्हता. ताणा म्हणजे कापडातले उभे धागे, वाणा म्हणजे आडवे, हे सुरतेत शेंबड्या पोरालाही माहीत. पण पाणी उभं का राहतं, सुई बिनडोळ्याची का, बारा बोटं कुठून आली, काही पत्ता लागेना.

आणि सगळ्यांत अवघड तो ‘जाळ’. मराठीत जाळ म्हणजे पेटलेली आग. गुजरातीत जाळ म्हणजे जाळं, मासे पकडायचं. आगीच्या लोळाला गुजरातीत झाळ म्हणतात, ‘झ’नं. लिंबाजी मराठवाड्यातला, पण सुरतेत राहून राहून त्याच्या कवितेत ताणावाणा, सेठ असे इथलेच शब्द आले होते. मग जाळ हा त्यानं कुठला घेतला होता, घरचा की इथला? एका ‘टाकीन’वर माणूस तुरुंगात बसला होता आणि त्या ‘टाकीन’च्या आधी काय आहे, हे ठरवायचं माझ्यावर आलं होतं.

घरी पोळ्या लाटताना मी त्या ओळी मोठ्यानं म्हणत होते. यजमानांनी ऐकलं आणि म्हणाले, “विणतो म्हणतोय, टाकीन म्हणतोय, आत काय सापडेल म्हणतोय. जाळंच आहे की. यात कसलं कोडं?” त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. माझ्याही जिवाला बरं वाटलं. जाळं असेल तर तो माणूस सुटत होता.

पण नुसतं बरं वाटून भागत नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक होते, मराठी शिकवलेले. खटल्याबद्दल काहीही न सांगता मी त्यांना फक्त ओळी ऐकवल्या. त्यांनी डोळे मिटून ऐकल्या आणि म्हणाले, ही आगच आहे. आग लागल्यावर आत जे सापडतं आणि जे गावाकडे नेतात, त्या अस्थी. कालपर्यंत मासे पकडणारी ओळ एकदम स्मशानात जाऊन उभी राहिली. आणि तीही तिथं चपखल बसत होती.

त्यानंतरचे काही दिवस माझे वाईट गेले. एकदा वाटायचं जाळं, एकदा वाटायचं जाळ. रिकाम्या वेळी मी शब्दकोश काढून बसायची आणि त्यात जे लिहिलंय ते मला आधीच माहीत असायचं. कविता म्हणजे काय, मी शाळेत भरपूर पाठ केल्या होत्या. पण त्या सगळ्या सरळ बोलणाऱ्या होत्या. हिला प्रश्न विचारला की ही दुसरीकडेच बघायची. साक्षीदार असती तर साहेबांना सांगून पुन्हा विचारता आलं असतं. लिंबाजीलाच जाऊन विचारावं, तर आरोपीशी परस्पर बोलणं दुभाष्याला चालत नाही.

आणि एका दुपारी कागदावर बोट ठेवून वाचताना मला एक अक्षर दिसलं. ‘हा.’ एक दिवस हा जाळ.

गुजरातीतली जाळ स्त्रीलिंगी. ती डोक्यात असती तर तो म्हणाला असता, ही जाळ. मराठी जाळं असतं तर हे जाळं. तो म्हणाला होता, हा. मराठीत ‘हा जाळ’ म्हणजे आगच.

हे अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शिपायाच्या भाषांतरात नुसतं ‘आग’ होतं, कारण काही नव्हतं. सरकारी वकिलांना मराठी येत नव्हती, देसाईंनाही नाही. मी बोलले नसते तर कधीच कुणाला कळलं नसतं. माझी सहानुभूती कुणाकडे होती हे लपवण्यात अर्थ नाही. लिंबाजीची बायको सुमन रोज कोर्टाच्या व्हरांड्यात येऊन बसायची, माझ्याकडे नुसतं बघायची. पण मी शपथेवर भाषांतर करणारी बाई. म्हातारीची मुलगी मुलगा होऊ दिली नाही, मग हा ‘ही’ कसा होऊ देणार? मी ठरवलं, हे सांगायचं. आणि त्याबरोबर दुसरं जे जे आहे तेही सगळं सांगायचं.

ते दुसरं काय, हे शोधायला मी पुन्हा कॅसेट मागितली. या वेळी शब्द लिहून घ्यायचे नव्हते, म्हणून नुसती ऐकली. तेव्हा पहिल्यांदा मला लोक ऐकू आले. ‘दोन तुला दिसत नाहीत’ला मांडवात हसू फुटलं होतं. ‘मधली भोकं माझी’ला तर असा हशा झाला होता की लिंबाजीला थांबावं लागलं. ज्या कवितेपुढे मी इतके दिवस सुतकी चेहऱ्यानं बसले होते, ती ते लोक मजेत ऐकत होते. मात्र ‘हा जाळ’च्या ओळीला सगळे गप्प होते. आणि ‘गावाकडं नेईन’ला शिट्ट्या.

तारखेच्या दिवशी मी भाषांतर सादर केलं. ‘पाणी उभं राहतं’ आणि ‘बिनडोळ्याची सुई’ यापुढे मी टीप लिहिली होती : शब्द असे आहेत, अर्थ मला कळलेला नाही. जाळपुढे दोन्ही अर्थ लिहिले होते. साहेबांनी वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“बेन, कोर्टने एक ज अर्थ जोईए,” ते म्हणाले. कोर्टाला एकच अर्थ हवा होता.

मी म्हटलं, “साहेब, मारी पासे बे छे.” माझ्याकडे दोन होते.

सरकारी वकील उठले आणि म्हणाले की, दुभाषी बाईंना ठरवता येत नसेल तर दुसरा माणूस नेमावा. मी साहेबांना विनंती केली की, कागदावर ही कविता अर्धीच आहे, आपण एकदा टेप ऐकावी. सरकारी वकिलांची हरकत होती, पण साहेबांना कुतूहल वाटलं असावं. टेपरेकॉर्डर आणला, कॅसेट लावली.

कोर्टात मागच्या बाकांवर आपापल्या तारखेची वाट बघत माणसं बसलेली असतात. त्या दिवशी त्यात बरीच मराठी होती. लिंबाजीचा टेपमधला आवाज सुरू झाला तशी ती सावरून बसली. बारा बोटांच्या ओळीला एकजण हसला आणि त्यानं तोंडावर हात धरला. ‘ताणा तुझा, वाणा तुझा, मधली भोकं माझी’ला सगळं बाक हसलं. हवालदार ओरडला, पण हसू ओसरायला वेळ लागला. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या लिंबाजीनं तेव्हा प्रथमच मान वर केली. इतके दिवस तो जमिनीकडे बघत होता. आणि ‘हा जाळ’ला कोर्टही मांडवासारखंच गप्प झालं.

टेप बंद झाली. साहेबांनी मला विचारलं, ही माणसं का हसली?

मी म्हटलं, हसण्याचं भाषांतर मला येत नाही साहेब, पण काय ऐकून हसली ते सांगू शकते. आणि मी सांगितलं. उभा धागा मालकाचा, आडवा धागा मालकाचा, कारीगराच्या वाट्याला काय, तर दोन धाग्यांमधली रिकामी जागा. साहेबांच्या चेहऱ्यावरही थोडं हसू आलं. मग मी उरलेलं बोलले. विणणं आणि आत काहीतरी सापडणं, हे जाळ्याशी जुळतं. पण ‘हा’ हा शब्द पुल्लिंगी आहे, आणि मराठीत पुल्लिंगी जाळ म्हणजे आग. भाषेच्या नियमानं पाहिलं तर तो आग म्हणाला. संदर्भानं पाहिलं तर जाळं म्हणाला. दोन्ही एकाच तोंडातून आलं आहे, यातलं एक मी माझ्या पदरचं खोडू शकत नाही.

देसाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पायावर धोंडा टाकला होता. सरकारी वकील लगेच उठले, पण साहेबांनी त्यांना हातानं खाली बसवलं आणि विचारलं, या कवितेखेरीज तुमच्याकडे काय आहे? आगीच्या वेळी आरोपीला तिथं पाहिलेला माणूस? काडी, रॉकेल, काही? तपास चालू आहे, असं उत्तर आलं. साहेब म्हणाले, ज्या गोष्टीचे शपथेवर दोन अर्थ निघतात, तिच्यावर मी एका माणसाला आत ठेवू शकत नाही. तपास चालू ठेवा.

लिंबाजीला जामीन मिळाला. व्हरांड्यात देसाई मला म्हणाले की, तुम्ही ‘हा’चा मुद्दा काढलाच नसता तरी चाललं असतं. मी म्हटलं, मी एकच अर्थ सांगितला असता तर साहेबांनी माझ्यावर विश्वास का ठेवला असता? ते हसले.

पुढे वीज खात्याचा तपासणी अहवाल आला. गोदामातल्या वायरिंगमध्ये दोष होता, आग तिथून लागली होती. लिंबाजीवरचा खटला निकाली निघाला.

त्यानंतर एका दुपारी तो आणि सुमन मला भेटायला कोर्टात आले. आता बोलायला हरकत नव्हती. तो तिशीचा, हडकुळा, कानात सतत लूम चालू असल्यासारखा मोठ्यानं बोलणारा माणूस होता. आभार मानायला आला असेल असं मला वाटलं, पण त्याचं काम वेगळंच होतं. सेठनं त्याला कामावर परत घेतलं नव्हतं. दुसरीकडेही, कविता करणारा कारीगर म्हणून, कुणी उभं करत नव्हतं. त्याचं म्हणणं असं की, सेठनं कविता ऐकली ती पोलिसांच्या तोंडून. माझी कविता त्याला नीट ऐकवा, आणि मग त्याला काय करायचं ते करू दे.

मी म्हटलं, ऐकवते, पण आधी मला एक सांग. तो जाळ कुठला?

“हा म्हणलो ना मी,” तो म्हणाला. “जाळच म्हणलो. तुम्ही कोर्टात बराबर सांगितलं.”

सुमन दचकून इकडेतिकडे बघायला लागली. मी विचारलं, मग विणतो कसा म्हणालास? तो म्हणाला की, आम्ही दिवसभर विणतोच, दुसरं काय येतं आम्हाला? माझ्या मनातलं त्यानं ओळखलं असावं.

“बाई, लावायचाच असता तर कविता कामून केली असती?”

पहिल्या ओळीतलं पाणी उभं का राहतं, हेही मी विचारून घेतलं. तो ओशाळला. ते मलाबी सांगता येत नाही, म्हणाला, ते पहिलं आलं, म्हणून ठेवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला या कवितेबद्दल अगदी हलकं वाटलं. जे मला कळलं नव्हतं ते करणाऱ्यालाही कळलं नव्हतं, आणि तरी ती ओळ तिथून हलवावी असं आम्हा दोघांनाही वाटत नव्हतं.

मी त्याला सावध केलं. गुजराती करताना मला एक अक्षर निवडावं लागेल. कोर्टात दोन अर्थ शेजारीशेजारी लिहिता येतात, कवितेत तसं करता येत नाही. ‘ज’ लिहिलं तर जाळं होईल, ‘झ’ लिहिलं तर आग. आणि हा माणूस तुझा मालक आहे. लिंबाजी म्हणाला की, ते तुमचं तुम्ही बघा. सुमन मात्र जाताना मागे राहिली आणि हळूच म्हणाली, बाई, जाळंच करा. आमची चूल बंद आहे.

भाषांतर करायला मला आठवडा लागला. चौदा ओळींना. एरवी तेवढ्यात माझी दोन खटल्यांची कागदपत्रं झाली असती.

ठरल्या दिवशी आम्ही बमरोलीला गेलो. शेडचा अर्धा भाग नव्या पत्र्यांचा होता. आतले लूम असे धडधडत होते की दारात उभं राहून एकमेकांशी बोलता येत नव्हतं. सेठच्या ऑफिसला मात्र काचेचं दार होतं. मी लिंबाजीला आत चल म्हटलं, पण तो बाहेर सुताच्या खोक्यांपाशीच बसला. सेठ पन्नाशीचा, साध्या कपड्यांतला. मला खुर्ची दिली, चहा मागवला. त्यानं आधीच सांगून टाकलं की, शेड जळताना मी रस्त्यावर उभा होतो बेन, त्या वेळी जे नाव डोक्यात आलं ते दिलं. मी कागद काढला आणि वाचायला लागले.

सुईची ओळ झाली तेव्हा त्यानं मला थांबवलं.

“एनी मा हयात छे?”

मला माहीत नव्हतं. मी उठून बाहेर गेले आणि लिंबाजीच्या कानाशी ओरडून विचारलं, तुझी आई आहे का? “हाय,” तो म्हणाला, “गावाकडं. डोळे गेलेत तिचे. तरी शिवाय बसती.” मी आत येऊन सेठला तसंच सांगितलं. तो मान हलवून म्हणाला, आगळ वांचो. मी पुढे वाचलं, शेवटपर्यंत. भोकांच्या ओळीला तो हसला नाही, पण टेबलावरच्या कापडाच्या नमुन्यावर त्याचं बोट फिरत राहिलं. मग त्यानं मला सबंध कविता पुन्हा एकदा वाचायला लावली. दुसऱ्यांदा वाचून मी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो घडी करून खिशात घातला.

मग म्हणाला, “कालथी आवी जाय.” उद्यापासून येऊ दे.

लिंबाजीच्या बाकीच्या कविता मी त्याच्याकडून कधी मागून घेतल्या नाहीत, याची मला हळहळ वाटते. पुढच्या वर्षी प्लेगच्या भीतीनं सुरत रिकामी झाली, त्यात तोही परभणीकडे गेला आणि परत आला नाही. आईपाशी राहिला, असं नवागामच्या कुणाकडून तरी कळलं. पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही खात्याच्या बाहेर आलो, लूमचा आवाज मागे पडला, तेव्हा मी त्याला उद्यापासून कामावर जायचं, असं सांगितलं. तो एकदम थांबला. आनंद झाल्यासारखा दिसला नाही, संशय आल्यासारखा दिसला.

“बाई, शब्द कोणता घातला तुम्ही?”

“झाळ,” मी म्हटलं. “आग.”

“त्याला कळलं?”

“कळलं. दोनदा वाचायला लावली.”

“अन् तरी ये म्हणला?”

“तरी ये म्हणाला.”

तो मान खाली घालून थोडा वेळ चालत राहिला. मग म्हणाला, सुमनला कळवायला पाहिजे, आणि रस्ता ओलांडून, मला तिथंच सोडून, नवागामच्या रिक्षांकडे पळत सुटला.